नवी पिकअप की जुनी? आधी त्या पॉलिसीची तारीख बघा

भांडुपच्या एका वाचकाचं पत्र, थोडं आटोपतं करून:

"वय ३९. घरी बायको आणि ११ वर्षांची मुलगी. अंधेरी एमआयडीसीतल्या तीन कंपन्यांना दुपारचं जेवण पुरवतो. पहाटे वाशी मार्केटमधून भाजी, अकराला भांडी भरून अंधेरी. टेम्पोचं भाडं रोज १,६०० रुपये, महिन्याला २५ दिवस. आता स्वतःची पिकअप घ्यायची, चालवणार मीच. नवी ऑन-रोड साडेदहा लाख. अडीच लाख भरून ८ लाख कर्ज, ११ टक्के, पाच वर्षं. किंवा २०२१ ची, ८५ हजार किलोमीटर चाललेली, ६ लाखांना. २ लाख भरून ४ लाख कर्ज, ८ टक्के फ्लॅट, तीन वर्षं. म्हणजे जुन्या गाडीचं व्याज कमी. नवीच्या कर्जासाठी फायनान्सवाल्याने एक गॅरंटीड पॉलिसी घ्यायला लावली. वर्षाला ७२ हजार, दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी १५ लाख. मुलीच्या लग्नाचीही सोय झाली. पहिला हप्ता भरला, कागद बारा दिवसांपूर्वी आले. कुठली गाडी घेऊ?"

गाडीचं नंतर बघू. पत्रात सगळ्यात महत्त्वाचा आकडा आहे तो बारा दिवसांचा. पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, याला फ्री लूक म्हणतात. तुमच्याकडे १८ दिवस उरलेत. ते गेले की हीच पॉलिसी सोडताना भरलेल्या पैशांतला मोठा वाटा सोडावा लागेल.

आधी ती काय चीज आहे ते पाहू. तुम्ही एकूण ७ लाख २० हजार भरणार आणि २० वर्षांनी १५ लाख घेणार. "दुपटीहून जास्त" हे ऐकायला छान वाटतं, पण वर्षाचा परतावा पाच टक्क्यांच्याही आत येतो. तेच ७२ हजार दहा वर्षं पीपीएफमध्ये टाकले आणि मुदत वाढवून वीस वर्षं ठेवले, तर आजच्या ७.१ टक्क्यांनी सुमारे २१ लाख होतात. आणि तुम्ही एका हाताने ११ टक्क्यांनी कर्ज घेऊन दुसऱ्या हाताने पाच टक्क्यांवर पैसे ठेवताय. महिन्याचे तेच ६ हजार कर्जाच्या हप्त्यात घातले तर पाच वर्षांचं कर्ज साडेतीन वर्षांत फिटतं, व्याजाचे सुमारे ८० हजार वाचतात. राहता राहिलं लग्न. विसाव्या वर्षी तुमची मुलगी ३१ ची असेल. तोवर तुमच्या १५ लाखांसाठी ती थांबणार आहे का, हे तिलाच विचारा.

विमा म्हणून बघावं तर आणखी वाईट. अशा पॉलिसीत मृत्यूनंतरची रक्कम साधारण वार्षिक हप्त्याच्या दहापट, म्हणजे ७ लाख २० हजार. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर ती ८ लाखांचं कर्जही पुरतं फेडत नाही. बायको-मुलीला काय उरणार? याच वयात, तंबाखू नसेल आणि तब्येत बरी असेल, तर एक कोटीचं टर्म कव्हर, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा साधा विमा, वर्षाला साधारण १५ ते २० हजारांत मिळतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. वयाच्या साठीपर्यंतचं घ्या आणि "पैसे परत मिळणारी" टर्म कोणी दाखवली तर नमस्कार करून उठा.

आता परत करायचं कसं. फायनान्सवाल्याकडे जाऊ नका. तो "साहेब बघतो" म्हणत १८ दिवस काढेल. थेट विमा कंपनीच्या शाखेत जा. पॉलिसी क्रमांक, कागद मिळाल्याची तारीख आणि "अटी मान्य नाहीत, फ्री लूकमध्ये रद्द करा" एवढंच लिहिलेला अर्ज, मूळ पॉलिसी, पहिल्या हप्त्याची पावती, रद्द केलेला चेक. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका, तोच मजकूर कंपनीच्या ई-मेलवरही टाका. स्टँप ड्यूटी, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाचा भाग कापून बाकीचे पैसे खात्यात येतात. कंपनीकडून बहुधा फोनही आला असेल, आणि "सगळ्याला हो म्हणा" असं तुम्हाला आधी सांगितलं असेल. ते रेकॉर्डिंग पुढे करतील. करू देत, फ्री लूकला कारणाचा पुरावा लागत नाही. टाळाटाळ झाली तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार, पुढे विमा लोकपाल. तिथे फी नाही.

"पॉलिसी नाही तर कर्ज नाही" असं म्हणाले तर तेवढं लेखी मागा. कोणी देणार नाही, कारण कर्जासाठी अशी पॉलिसी सक्तीची नसते. कायद्याने सक्ती आहे ती गाडीच्या थर्ड पार्टी विम्याची.

आता गाडी. तुमचं चालणं महिन्याला दीड हजार किलोमीटरच्या आसपास धरलं तर डिझेल ११ हजार. देखभाल, टायर, विमा, फिटनेस (गाडी रस्त्यावर चालायला योग्य असल्याचं प्रमाणपत्र), पार्किंग मिळून आणखी ११. नव्याचा हप्ता १७,४००. बेरीज साडेएकोणचाळीस हजार, आणि टेम्पोला आज देताय ४० हजार. म्हणजे बरोबरी, आणि त्यात पॉलिसीचे ६ हजार घातले की दर महिन्याला खड्डा.

जुन्याचं व्याज मात्र कमी नाही. फ्लॅट म्हणजे फिटलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज. ४ लाखांवर तीन वर्षांचे ९६ हजार, हप्ता १३,८००. घटत्या शिलकीने मोजलं तर साडेचौदा टक्के. तरीही जुनीच घ्या, कारण इतक्या कमी चालण्याला नवी परवडत नाही. देखभालीला २ हजार जास्त धरले तरी खर्च ३८ हजारांत बसतो आणि तीन वर्षांनी हप्ता संपतो. पॉलिसीचे परत आलेले पैसे मात्र गाडीत घालू नका. त्यातले ५० हजार दुरुस्तीसाठी बाजूला, उरलेल्यात टर्मचा पहिला हप्ता.

भाव सहा लाख जास्त वाटतो. मालवाहू गाड्यांचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्के झाला, नव्या गाड्यांचे भाव उतरले. विकणारे अजून जुन्या बिलावरून भाव सांगतात. साडेपाचपासून बोला. गाडी बघायला सकाळी जा, इंजिन गार असताना. तापवून ठेवलेली असेल तर दुसऱ्या दिवशी या म्हणा. सुरू झाल्यावर ऑइल भरायचं झाकण उघडा. भसाभस धूर वर आला तर इंजिन खाल्लेलं आहे. हौद्याखाली वाकून चासी बघा. मासळी किंवा ओली भाजी वाहिलेल्या गाडीत गंज तिथून लागतो आणि वरून नवा रंग मारलेला असतो. बीएस-सहा, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांची डिझेल गाडी थोडं चाल-थांब अशी वापरलेली असेल तर एक्झॉस्टचा फिल्टर चोंदतो, तो मेकॅनिककडून तपासून घ्या.

कागदांत जुन्या कर्जाची एनओसी आणि फॉर्म ३५ (गाडीवरचा कर्जाचा बोजा उतरवण्याचा), फिटनेसची तारीख, थकलेली ई-चलनं. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होईपर्यंत शेवटचे ५० हजार हातात ठेवा. विमा १४ दिवसांत नावावर करा, नाहीतर अपघातात तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. आठ वर्षांपर्यंत फिटनेस दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी, तेव्हा २०२१ ची गाडी २०२९ नंतर जास्त वेळ खाईल. लायसन्स साधं हलक्या वाहनाचं चालतं. ७,५०० किलोच्या आतल्या मालगाडीला वेगळी नोंद लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय.

आणि सध्याच्या टेम्पोवाल्याशी वाकडं घेऊन त्याला सोडू नका. पिकअप गॅरेजला गेली त्या दिवशी पावणेअकराला तुम्हाला त्यालाच फोन करायचाय.