गर्भपाताआधी बोट टोचून काढलेलं हिमोग्लोबिन ९.२ आलं, कितपत खरं?

अंदाज म्हणून ठीक, पण तोच अंतिम आकडा नव्हे. बोटाच्या आणि शिरेच्या रक्तात अर्धा ते एक ग्रॅमचा फरक सहज पडतो, तोही कुठल्याही बाजूला. त्यामुळे १२ आलं तर निश्चिंत राहा, ९.२ आलं तर शिरेतून सीबीसी (रक्तपेशींची पूर्ण तपासणी) करून घ्या. आपल्याकडे ८ च्या खाली गोळ्यांनी गर्भपात करत नाहीत, म्हणून ८ ते ९ च्या आसपास हा फरक महत्त्वाचा.

चूक बहुधा यंत्राची नसते, थेंबाची असते. हात गार असले की रक्त येत नाही, मग बोट पिळलं जातं, आतलं पाणी मिसळतं आणि आकडा घसरतो. हात कोमट पाण्यात धरून पुसा. मधल्या किंवा अनामिकेच्या टोकाला, जरा कडेला टोचा. स्पिरिट पूर्ण वाळू द्या. पहिले दोन थेंब पुसून तिसरा मोठा थेंब क्युवेटमध्ये (यंत्रात घालायची रक्ताची छोटी पट्टी) एका दमात भरा. बुडबुडा दिसला तर ती क्युवेट फेकाच. क्युवेटच्या डबीचं झाकण उघडं राहिलं (पावसाळ्यात हमखास!) तरी आकडे बिघडतात.

गरोदरपणात पहिल्या तिमाहीत ११ च्या खाली म्हणजे ॲनिमिया. ९.२ असताना गर्भपात सहसा अडत नाही, पण लोहाच्या गोळ्या आजच सुरू करा. गर्भपातानंतर तासाला दोन मोठे पॅड, असं सलग दोन तास भिजले तर थेट दवाखाना गाठा.