वार्धक्य आणि कामाचा ताण या विषयांवर संशोधन करण्यासाठी जर्मनीत यावे का?

पुण्यातून बँक कर्मचाऱ्यांच्या ताणावर पीएच.डी. झाल्यावर पोस्टडॉकसाठी जर्मनीत यावे का, सात वर्षांच्या मुलाच्या शाळेचे काय होईल आणि तिकडे एकटे वाटते का, असे तुम्ही विचारले आहे. व्हिसाचे नियम, पगाराचे तक्ते आणि विम्याचे प्रकार दूतावासाच्या व विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर व्यवस्थित दिलेले आहेत, त्यामुळे त्यांची उजळणी मी करत नाही. मी अनेक वर्षे पश्चिम जर्मनीतल्या रूर खोऱ्यात याच विषयात काम करते आहे. तुमचा प्रश्न वाचल्यापासून तो डोक्यातून जात नाही, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

विषयाला इथे भवितव्य आहे, याबद्दल निःशंक राहा. १९६४ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी इथे निवृत्तिवेतनाचे वय ६७ केलेले आहे, आणि त्यामुळे साठीतल्या माणसाचे लक्ष, स्मरण व निर्णयशक्ती कामाच्या ठिकाणी कशी टिकते हा केवळ पुस्तकी प्रश्न राहिलेला नाही. कामाचा शरीरावर होणारा परिणाम अभ्यासणारी संस्था बर्लिनहून डॉर्टमुंडला आली ती १९२९ साली, कोळसा आणि पोलाद यांच्या ऐन भरात. तिचाच वारसा चालवणारी डॉर्टमुंडची संस्था आज मेंदूच्या वार्धक्याचा अभ्यास करते. तिच्या संशोधकांनी मोटार कारखान्यातील कामगारांवर केलेला आणि २०१० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास तुम्ही अवश्य वाचा. एका कामावरून दुसऱ्या कामाकडे लक्ष वळवण्याची चाचणी त्यात दिली होती. ज्या प्रौढ कामगारांनी वर्षानुवर्षे तेच ते साचेबंद काम केले होते त्यांच्या चुका, ज्यांच्या कामात विविधता होती अशा समवयस्कांपेक्षा अधिक होत्या. मला या विषयात ओढले ते याच निष्कर्षाने, कारण म्हातारपणी डोके कसे चालेल हे केवळ नशिबावर नसून दिलेल्या कामावरही अवलंबून असते, हे त्यातून दिसते. कामाच्या ठिकाणच्या धोक्यांचा आढावा घेताना मानसिक ताणाचाही विचार झाला पाहिजे, असे २०१३ पासून इथल्या कायद्यातच स्पष्ट लिहिलेले आहे. तुमच्या बँकेच्या अभ्यासाला इथे ऐकणारे लोक मिळतील.

जर्मन मात्र येण्यापूर्वी शिकून या. प्रयोगशाळेत सगळे इंग्रजी बोलतात, हे खरे असले तरी अर्धेच खरे आहे. प्रयोगासाठी येणारी माणसे साठ-सत्तर वर्षांची असतात. त्यांच्या डोक्यावर ईईजीची, म्हणजे मेंदूच्या लहरी नोंदवणारी टोपी चढवायची, पांढरे केस बाजूला सारून टोपीच्या प्रत्येक छिद्रात बोथट सुईने जेल भरायचे, आणि या सगळ्या वेळात आजोबांशी त्यांच्या भाषेत बोलत राहायचे, हे आपले काम असते. ते अवघडून बसले तर जबड्याचे आणि मानेचे स्नायू ताठरतात आणि नोंदीत मेंदूच्या लहरींऐवजी स्नायूंचा गोंधळ उमटतो.

आता जे कोणी सांगत नाही ते सांगते. पीएच.डी.नंतर विद्यापीठातील मुदतीच्या नोकऱ्यांना साधारण सहा वर्षांची कायदेशीर मर्यादा आहे, मूल असल्यास तीत दोन वर्षांची भर पडते, आणि या सहा वर्षांतही करार तुकड्यातुकड्यांनी मिळतात. २०२१ मध्ये इथल्या तरुण संशोधकांनी समाजमाध्यमांवर याविरुद्ध मोठा आवाज उठवला, तरी रोजच्या जगण्यात फारसा फरक पडलेला नाही. जर्मन सहकाऱ्याचा करार संपतो तेव्हा त्याची नोकरी जाते. आपला संपतो तेव्हा निवासपरवानाही संपतो, कारण परवान्याची तारीख करारावरूनच ठरते. डिसेंबरअखेर करार संपणार, नवा करार नोव्हेंबरात हाती येणार आणि परवान्याच्या कार्यालयातील टर्मिन, म्हणजे भेटीची ठरवून दिलेली वेळ, फेब्रुवारीत मिळणार, हे चक्र मी पुनःपुन्हा अनुभवले आहे. अशाच एका हिवाळ्यात नाशिकला आई पडली आणि तिच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली. माझ्या परवान्याची मुदत संपलेली होती आणि अर्ज प्रलंबित असल्याचा कागदही टर्मिनशिवाय मिळत नव्हता. देश सोडला असता तर परत येता आले नसते. मी ईमेल पाठवत राहिले आणि त्यांना आपोआप येणारी उत्तरे वाचत राहिले. घरी पोहोचले तेव्हा आई वॉकर घेऊन चालू लागली होती.

रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली मांडलेले कामाच्या ताणाचे प्रतिमान तुम्हाला पाठ असेल: कामाची मागणी मोठी आणि निर्णयाचे स्वातंत्र्य कमी, असे असेल तेथे ताण सर्वाधिक. लंडनच्या १०,३०८ सरकारी नोकरांवर १९८५ पासून चाललेल्या व्हाइटहॉल अभ्यासातही, कामावर ताबा कमी असलेल्यांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळले. मी दर आठवड्याला समोरच्या माणसाला विचारते, “तुमच्या कामाबद्दल तुम्हाला स्वतःला कितपत ठरवता येते?” तो आकडा सांगतो, मी लिहून घेते, आणि त्या वेळी माझे स्वतःचे उत्तर काय आहे हे मला ठाऊक असते. हे तुम्हाला घाबरवण्यासाठी लिहीत नाही. मुलाखतीत पगाराच्या आधी कराराची मुदत विचारा, एवढ्यासाठी लिहिते आहे.

मुलाच्या शाळेबद्दल शांतपणे लिहिणे मला अजून जमत नाही. इथल्या बहुतेक राज्यांत प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच असते, आणि चौथीच्या मध्यावर शिक्षिका शिफारस देतात की मुलाने विद्यापीठाकडे नेणाऱ्या गिम्नाझियममध्ये जावे की दुसऱ्या शाळेत. माझी मुलगी सातव्या वर्षीच इथे आली. नऊ वर्षांची असताना ती संख्यामालिकेतील पुढची संख्या माझ्या विद्यार्थ्यांइतक्या झटपट ओळखत असे. शिफारसपत्रात मात्र तिचे शब्दभांडार मर्यादित असल्याचे आणि ती वर्गात कमी बोलत असल्याचे लिहून तिला गिम्नाझियमखालच्या, मधल्या स्तराच्या शाळेसाठी सुचवले होते. नवा प्रश्न सोडवण्याची शक्ती वेगळी आणि साठलेले शब्दज्ञान वेगळे, हा फरक मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांच्यापासून आमच्या शास्त्राचा पाया आहे. वय वाढते तसे पहिले उतरते आणि दुसरे दीर्घकाळ टिकते, यावर आम्ही सारे लेख लिहितो. दोन वर्षांपूर्वी शिकायला घेतलेल्या भाषेवरून एका मुलीची बुद्धी मोजली गेली, आणि मापन हाच व्यवसाय असलेली मी त्या लहानशा खुर्चीवर बसून ऐकत होते. आमच्या राज्यात ही शिफारस बंधनकारक नाही. आम्ही तिला सर्व स्तरांच्या मुलांना एकत्र शिकवणाऱ्या शाळेत घातले, तिथूनही पुढे विद्यापीठात जाता येते आणि तिचे उत्तम चालले आहे. तरीही आपण “हुशारांच्या शाळेतली” नाही, असे ती मध्येच बोलून जाते तेव्हा मला ते सहन होत नाही. तुमचा मुलगा नेमका त्याच वयाचा आहे. दोन ठिकाणांहून बोलावणे आले तर बर्लिन किंवा ब्रांडेनबुर्गचा आधी विचार करा, कारण तिथे प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते आणि मुलाला भाषेसाठी दोन वर्षे अधिक मिळतात.

एकटेपणा वाटतो. पहिले दोन हिवाळे जड जातात, नंतर माणसे मिळतात, गणपतीला मंडळ जमते. त्याच्यासाठी येणे रद्द करू नका.

माझी खरी अडचण वेगळी आहे. आई आता ७८ वर्षांची आहे. व्हिडिओ कॉलवर बोलताना ती एखाद्या नावाशी थांबते, आणि तो थांबा तिचा की नेटवर्कचा हे मला ओळखता येत नाही. तोच थांबा समोर बसलेल्या जर्मन आजींनी घेतला असता तर मी मिलिसेकंदांत मोजला असता. ६० वर्षांवरील भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. तो ज्या प्रकल्पातून निघाला त्याचे मूळ सर्वेक्षण, म्हणजे ४५ वर्षांवरील ७२,००० हून अधिक लोकांची ‘लासी’ पाहणी, मुंबईत देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने चालवली. माझ्या विषयातले इतके मोठे काम माझ्या नाशिकच्या घरापासून चार तासांच्या अंतरावर चालू होते, आणि मी इथे परवान्याच्या तारखा मोजत होते. परत जावे का, हा विचार मी दरवर्षी करते. मुलीची शाळा पुढे येते आणि निर्णय पुढे जातो.

तेव्हा याल तर लासीची माहिती रीतसर अर्ज करून मिळवा आणि भारतीय नोकरदारांबद्दलचा स्वतःचा प्रश्न सोबत घेऊन या, म्हणजे तुमचे काम कोणाच्या प्रकल्पाच्या मुदतीबरोबर संपणार नाही आणि परतायचे ठरवलेत तर ते तिकडेही चालू राहील. आणखी एक गोष्ट निघण्यापूर्वी करा. स्कॉटलंडमध्ये १९४७ साली ११ वर्षांच्या ७०,८०५ मुलांची एकाच दिवशी चाचणी घेतली गेली होती, आणि त्यांतल्या काहींना सत्तरीत पुन्हा तपासता आले ते केवळ ही पहिली नोंद जपलेली होती म्हणून. तुमच्या आई-वडिलांची आणि सासू-सासऱ्यांची, ते ठणठणीत असतानाच, मराठीतून स्मरणाची आणि लक्षाची चाचणी एखाद्या जाणकार मानसशास्त्रज्ञाकडून करून घ्या आणि तिचे गुण तारखेसह स्वतःजवळ ठेवा. घरच्यांना ते अशुभ वाटेल, पण साखर आणि रक्तदाब तपासतो तसेच हेही आहे, असे सांगून त्यांना घेऊन जा.