हेल्पिंग व्हर्ब सगळे पाठ आहेत, तरी इंग्रजी बोलता येत नाही. आधी ग्रामर पक्कं करू की बोलायला लागू?

बोलायला लागा. ग्रामर मागून येतं. याच्या उलटं सांगणाऱ्यांवर माझा जुना राग आहे, म्हणूनच लिहायला बसले.

तुम्ही लिहिलंय की ॲम, इज, आरपासून पार मस्ट, माइटपर्यंत यादी तोंडपाठ आहे, पण कोणी समोर आलं की तोंड उघडत नाही; आणि क्लासचे सर म्हणतात, बारा काळ पक्के झाल्याशिवाय बोलू नका. हेच मी सोलापुरात ऐकलंय. बारावीनंतर घरच्यांनी एका क्लासला घातलं होतं. सर फळ्यावर तक्ता लिहायचे, आम्ही उतरवून घ्यायचो आणि त्यांच्या मागून म्हणायचो. एका मुलीनं विचारलं, "सर, बोलायचं कधी?" तर म्हणाले, "चुकीचं बोलण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. तुमच्या पूर्व भागातल्या पोरांना एक भाषा धड येत नाही, सगळी खिचडी."

ते मला आजही लागतं. पूर्व भाग म्हणजे सोलापुरातली आमची तेलुगू लोकांची वस्ती. आमच्या घरात तेलुगू, शाळेत मराठी, शेजारी कन्नड, बाजारात हिंदी. माझी आजी विड्या वळायची. शाळेची पायरी ती कधी चढली नाही. पण कारखान्यात माल नाकारला की कारकुनाशी मराठीत भांडायची, बाहेर येऊन शेजारणीला तीच हकीकत कन्नडमध्ये सांगायची आणि घरी येऊन आजोबांना तेलुगूत. कुठल्याही भाषेचा तक्ता तिनं पाठ केला नव्हता. तिच्या बोलण्याला धड नाही म्हणणारा माणूस भाषा शिकवायला बसतो, हे मला पटलं नाही आणि पटणारही नाही.

पुढे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात बिलं आणि डिस्पॅचचं काम मिळालं. एकदा चेन्नईच्या व्यापाऱ्याचा फोन आला. आमच्या गोडाऊनमधल्या माणसानं "हिंदी येत नाही बे त्याला" म्हणत फोन माझ्या हातात दिला आणि निघून गेला. पाच गाठी पाठवल्या होत्या, समोरचा चार मिळाल्या म्हणून तापलेला. मी विचारलं, "डिड यू गेट द एलआर?" एलआर म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती, आपली बिल्टी. तो म्हणाला, "येस, आय डिड." मग "डिड यू चेक ॲट द ट्रान्सपोर्ट?" "नो, आय डिडन्ट." "कॅन यू चेक टुडे? आय विल ऑल्सो कॉल देम." एवढ्यावर त्याचा आवाज खाली आला. मी इथल्या ट्रान्सपोर्टवाल्याला लावलं, त्यानं तिकडे लावलं. संध्याकाळी व्यापाऱ्याचाच फोन. पाचवी गाठ तिथल्या गोडाऊनमध्ये दुसऱ्या पार्टीच्या मालात जाऊन पडली होती. पुढे तो ऑर्डर द्यायलाही मलाच मागायचा.

आता बघा, या फोनमध्ये हेल्पिंग व्हर्ब आले किती? डिड, कॅन, विल. बस. परफेक्ट कंटिन्युअसचं कुणाला काम पडलं नाही. तुम्हीही सुरुवातीला डू-डज-डिड, कॅन, विल आणि इज-ॲम-आर एवढेच धरा. शॅल तर सोडूनच द्या, रोजच्या बोलण्यात तो क्वचितच येतो.

यादी पाठ करणाऱ्याला एक गोष्ट कुणी सांगत नाही. आपण "जेवलास का?" विचारलं की समोरचा "जेवलो" म्हणतो, म्हणजे मुख्य क्रियापदच परत येतं. इंग्रजीत उत्तराला हेल्पिंग व्हर्ब परत येतो. "डिड यू ईट?" "येस, आय डिड." "कॅन यू कम?" "नो, आय कान्ट." हो-नाही उत्तराच्या प्रश्नातला पहिला शब्द उचलायचा आणि उत्तरात ठेवायचा. फक्त आय आणि यूची अदलाबदल बघा, तिच्याबरोबर आरचा ॲम होतो: "आर यू रेडी?"ला "येस, आय ॲम." एवढं जमलं तरी गप्पांत अर्धा वेळ तुम्ही टिकता. दुसरं, डिड आला की भूतकाळ त्यानंच घेतला, पुढचं क्रियापद मूळ रूपात: डिड यू गो, आय डिडन्ट गो. आणि "आय ॲम गो" म्हणायची सवय लागली असेल तर ती आत्ताच मोडा; रोजचं असेल तर आय गो, आत्ता चाललं असेल तर आय ॲम गोइंग.

सराव कसा करायचा, तर दिवसभरात तुम्ही जे प्रश्न मराठीत विचारताच तेच घ्या. रिक्षावाल्याला, दुकानदाराला, घरच्यांना. मनात नको, मोठ्यानं म्हणा. जिभेला वळण मोठ्यानं म्हटल्याशिवाय पडत नाही.

आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. चिनी भाषा तिथे गेल्यावर शिकले, त्याच भाषेत पेशंट तपासले, विद्यार्थ्यांना शिकवलं. १९४२ साली तिथेच वारले. आधी चिनीचं व्याकरण पक्कं करू, मग निघू, असं म्हणत घरी बसले असते तर? भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे. आमच्या त्या सरांच्या गावातच ते आहे.

क्लास लावू का, हेही विचारलंय. लावायचाच असेल तर पैसे भरण्याआधी एक तास बसून बघा, त्या तासात तुम्हाला स्वतःला किती बोलायला मिळतं ते. सर एकटेच बोलत असतील तर उठून या. "तुमचं मराठी मीडियम ना, मग वेळ लागेल" असं कुणी म्हणालं तर पहिल्याच दिवशी उठून या. महाराष्ट्रात मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे, आमच्या वेळी ते पाचवीला यायचं. आम्हीही बोलतोच की.

हां, तुम्हाला बँकेची किंवा स्पर्धा परीक्षा द्यायची असेल तर गोष्ट वेगळी. तिथे पेपरात काळ विचारतात, चुका ओळखायला लावतात, मार्क जातात. त्यासाठी तक्ते लागतील, करा. ईमेल लिहिण्यासाठीसुद्धा पुढेमागे हॅव-हॅज-हॅड शिकावं लागेल. पण ते बोलणं थांबवून करू नका, सकाळी तक्ता आणि दिवसभर बोलणं असं दोन्ही चालू ठेवा.