डॅशहंडचे पाय आणि नातवाची उंची

प्रश्न : आमच्या सोसायटीत संध्याकाळी पॉमेरेनियन, डॅशहंड आणि ग्रेट डेन असे तीन कुत्रे फिरायला निघतात. पॉमेरेनियन सर्वांगाने चिमुकला आहे. डॅशहंडचे डोके आणि धड मात्र भरदार, फक्त पाय आखूड. हाडांच्या वाढीत इतका फरक कशामुळे पडतो? माणसाची उंचीही अशीच एखाद्या जनुकावर ठरते का? माझा तेरा वर्षांचा नातू वर्गात सर्वांत बुटका असल्याने त्याची आई त्याला रोज दांडीला लोंबकळायला लावते.
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आपण पॉमेरेनियन आणि डॅशहंड यांच्यातला जो फरक टिपला आहे, त्यातच निम्मे उत्तर आहे. वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा, म्हणजे हाडापेक्षा मऊ व लवचीक अशा ऊतीचा, एक पातळ पट्टा असतो. त्यातील पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक रचल्या जातात, मग फुगतात आणि त्यांच्या जागी हाड तयार होते. हाडाची लांबी वाढते ती येथेच.

या पेशींना चालना देणाऱ्या प्रथिनांपैकी आयजीएफ-१ हे महत्त्वाचे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून वाढीचे संप्रेरक स्रवते आणि त्याच्या प्रभावाने यकृत व खुद्द कूर्चाही हे प्रथिन तयार करते. लहान जातींच्या बहुतेक कुत्र्यांमध्ये या प्रथिनाच्या जनुकाचे एक ठरावीक रूप आढळते, असे २००७ साली दिसून आले. हे रूप असलेल्या कुत्र्यांच्या रक्तात ते प्रथिन कमी असते, त्यामुळे सगळे शरीरच प्रमाणात लहान राहते. गंमत म्हणजे, लहान आकाराशी जोडलेला हा बदल माणसाने कुत्रा पाळण्याच्या कितीतरी आधीचा आहे. सायबेरियातील सुमारे ५४ हजार वर्षांपूर्वीच्या लांडग्यातही तो सापडला.

डॅशहंडची गोष्ट निराळी आहे. त्याच्या गुणसूत्रात एफजीएफ-४ या दुसऱ्या वाढघटकाच्या जनुकाची एक जादा प्रत भलत्याच जागी येऊन बसली आहे. २००९ साली ती लक्षात आली. आपल्याला वाटेल, वाढघटक जास्त म्हणजे वाढही जास्त. पण हाडाच्या कूर्चेत या कुटुंबातील प्रथिनांचा संदेश ब्रेकसारखा काम करतो. तो अवेळी दाबला गेला की चळत नीट रचली जात नाही आणि पाय आखूड राहतात. कवटीचा घुमट कूर्चेतून तयार होत नसल्याने त्याला याची झळ फारशी लागत नाही. अशीच आणखी एक जादा प्रत मणक्यांमधील चकत्या लवकर खराब होण्याशी निगडित आहे. तेव्हा डॅशहंडच्या मालकांनी त्याला सोफ्यावरून उड्या मारू देऊ नयेत.

माणसातही हाच ब्रेक आहे. त्याचा संदेश पकडणाऱ्या प्रथिनाच्या, एफजीएफआर-३ या जनुकातील एकाच अक्षराच्या बदलाने तो सतत दाबलेला राहिला, तर अ‍ॅकोंड्रोप्लेजिया हा हात-पाय आखूड राहण्याचा विकार होतो. १९९४ साली हे कारण उलगडले. अशा मुलांपैकी सुमारे ८० टक्क्यांचे आई-वडील सर्वसाधारण उंचीचे असतात, कारण बदल त्या मुलातच नव्याने झालेला असतो. आईकडे बोट दाखवणाऱ्या नातेवाइकांनी हे जरूर वाचावे.

सर्वसाधारण उंची मात्र एका जनुकावर ठरत नाही. सुमारे ५४ लाख लोकांच्या २०२२ सालच्या अभ्यासात उंचीशी निगडित १२ हजारांहून अधिक जनुकीय फरक सापडले, आणि त्यातील प्रत्येकाचा वाटा अगदी नगण्य आहे.

राहिला नातू. लोंबकळण्याने खांदे बळकट होतील, हाडे लांबणार नाहीत. वयात येण्याची सुरुवात काही मुलांत उशिरा होते आणि त्यांची उंचीही उशिराच वाढते. कूर्चेचे पट्टे बुजेपर्यंत, म्हणजे साधारण सोळा-सतरा वर्षांपर्यंत, मुलांना वाव असतो. डाव्या हाताच्या पंजाच्या आणि मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय कळते. बालरोगतज्ज्ञांना तो दाखवावा आणि सोबत गेल्या दोन-तीन वर्षांतील उंचीच्या नोंदी न्याव्यात. शाळेच्या आरोग्य तपासणीच्या कार्डावर त्या बहुधा मिळतील.