मचाणावरची थंडी आणि न कुरकुरणारं जॅकेट

प्रश्न : मी विस्कॉन्सिनमध्ये असतो. यंदा नोव्हेंबरात ऑफिसातली मंडळी मला हरणाच्या शिकारीला नेणार आहेत, बंदुकीच्या मोसमात. सुरक्षिततेचा कोर्स झालाय, लायसन्स काढलंय. ट्रेकिंगसाठी घेतलेलं चांगलं वॉटरप्रूफ जॅकेट माझ्याकडे आहे. तेच वर चढवून बसलं तर चालेल, की शिकारीचं वेगळं घ्यावं लागेल? (मॅडिसन)

उत्तर : नुसतं तेच वर घालून नाही चालणार, आणि त्याचं कारण थंडी नाही, आवाज आहे. वॉटरप्रूफ जॅकेटचं नायलॉन आणि त्यावरचा लेप गारठ्यात ताठ होतो. हात नुसता वर केला तरी चिवड्याची पुडी उघडल्यासारखी कुरकुर होते. वारा पडलेल्या सकाळी ती हरणाला सहज ऐकू जाते. दुकानात हे कळत नाही, कारण तिथे हीटर चालू असतो आणि उबेत सगळीच कापडं मऊ लागतात. म्हणून जॅकेट घरी आणा, लेबलं न काढता रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. सकाळी बाहेर काढल्या काढल्या एक बाही दुसरीवर घासा, मग छातीवर नखाने ओरखडा. खरखर ऐकू आली तर परत करा. या परीक्षेत लोकर, फ्लीस (लोकरीसारखं मऊ कृत्रिम कापड) आणि वरून ब्रश केलेलं मऊ पॉलिएस्टर पास होतात. तिन्हींना लव असते, त्यामुळे घासताना आवाज दबतो.

तुमचं जुनं जॅकेट मात्र टाकून देऊ नका. फ्लीसमधून वारा आरपार जातो. उणे १० अंश सेल्सिअसमध्ये ताशी २० किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या अंगाला उणे १८ इतकी थंडी लागते. तेव्हा ट्रेकिंगचं जॅकेट आत आणि त्यावर सैल फ्लीस किंवा लोकरीचं, असं उलटं घाला. वारा आतल्या थराला अडतो, बाहेरून आवाज होत नाही. पैसे वाचवायचे असतील तर पहिल्या वर्षी एवढं पुरे.

नवंच घ्यायचं ठरलं, तर आधी एक ध्यानात ठेवा : हे जॅकेट बसायचं आहे, चालायचं नव्हे. ओझं घेऊन मचाणापर्यंत चालताना शरीर बसल्यापेक्षा चार-पाच पट उष्णता तयार करतं. जाड जॅकेट घालून अर्धा तास चाललात की बनियन घामाने भिजतं, आणि पुढचे चार तास तेच ओलं बनियन अंगातली ऊब खेचत राहतं. नवख्यांना हुडहुडी भरते ती बहुतेक यामुळेच. जॅकेट पाठपिशवीला बांधून न्या. चालायला सुरुवात करताना किंचित थंडी वाजली पाहिजे. जागेवर पोहोचल्यावर पाचेक मिनिटं दम घ्या, घाम सुकू द्या, टोपी चढवा आणि मग जॅकेट घाला. पण कुडकुडायला लागेपर्यंत थांबू नका. जॅकेट ऊब तयार करत नाही, आहे ती राखतं.

आत काय भरलेलं असावं? बदकाची पिसं, म्हणजे डाऊन, वजनाच्या मानाने सगळ्यात उबदार, पण ओली झाली की गोळा होऊन बसतात. विस्कॉन्सिनच्या नोव्हेंबरात खरा वैरी उणे १० नव्हे, अधिक १ अंश आणि वरून पडणारा पाणीमिश्रित बर्फ. तिथे पॉलिएस्टरचं भरण बरं, ते ओलं झालं तरी थोडीफार ऊब धरतं. दर चौरस मीटरला किती ग्रॅम भरण आहे ते लेबलवर असतं. ६० ग्रॅम हालचाल करणाऱ्याला ठीक, तासन्‌तास बसणाऱ्याने १५० ते २०० बघावं.

माप घेताना आत घालणार ते सगळे थर घालून जा आणि उभं राहून नव्हे, खुर्चीवर बसून बघा. पुढे वाकल्यावर कंबर उघडी पडते का? बंदूक खांद्याला लावल्यासारखे हात केले की बाही मनगटावरून सरकते का? दस्ता जिथे टेकतो तिथे बटण, खिसा किंवा जाड शिवण नको, दस्ता अडकतो. जाड जॅकेटमुळे दस्ता खांद्यापासून अर्धा इंच तरी पुढे जातो आणि डोळा बंदुकीवरच्या दुर्बिणीपासून लांब पडतो. म्हणून निशाण्याचा सराव त्याच जॅकेटमध्ये करा. टी-शर्टमध्ये केलेला सराव इथे फसतो.

चेन दोन्हीकडून उघडणारी असावी, बसल्यावर खालून थोडी सोडता येते. धातूचे लोंबते पुलर काढून दोरीचा तुकडा बांधा. वेल्क्रोचे खिसे तर नकोच, ते उघडल्याचा ‘फर्रर्र’ सगळ्या रानाला कळतो. झाडावरच्या मचाणावर बसणार असाल तर पाठीत मानेखाली फट असलेलं जॅकेट घ्या. सुरक्षापट्टा आत बांधून त्याची दोरी त्या फटीतून बाहेर काढता येते. पट्टा वरून आवळला तर त्याखालचं भरण दबतं आणि नेमकी तिथेच थंडी लागते.

रंगाबाबत पर्याय नाही. विस्कॉन्सिनच्या नियमाप्रमाणे बंदुकीच्या मोसमात कमरेवरच्या बाहेरच्या कपड्यांचा निम्मा तरी भाग फ्लुओरोसंट नारिंगी हवा, टोपी घातलीत तर तीही निम्मी तशीच. २०१६ पासून फ्लुओरोसंट गुलाबीही चालतो. हरीण बुजेल याची काळजी नको. त्याच्या डोळ्याला नारिंगी आणि हिरवा यांतला फरक जवळजवळ कळत नाही, निळा मात्र छान दिसतो. म्हणजे जीन्स घरी ठेवा. पाठपिशवीने नारिंगी झाकला जातो, तेव्हा पिशवीवरही त्याच रंगाचं फडकं बांधा.

प्रश्न : नवऱ्याचं शिकारीचं जॅकेट मी नेहमीच्या पावडरने मशीनला लावलं. त्याने तर डोकं धरलं. एवढं काय बिघडलं? (सेंट पॉल, मिनेसोटा)

उत्तर : त्यांचं चुकलं नाही, पण जॅकेट वाया गेलेलं नाही. बहुतेक पावडरींत कपडे ‘शुभ्र’ दिसावेत म्हणून चकाकी आणणारी द्रव्यं असतात. ती न दिसणारे अतिनील किरण घेऊन निळसर उजेड बाहेर टाकतात, आणि हरणाला नेमकं तेच दिसतं. शिवाय सुगंध राहतो तो वेगळाच. चकाकीद्रव्य आणि सुगंध नसलेल्या द्रव साबणाने दोनतीनदा धुवा, खळबळून काढा. चकाकी पुरती गेली का ते अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च मारून पाहता येतं. फॅब्रिक सॉफ्टनरही नको, त्याने पाणी झटकणारा लेप झाकला जातो. लेबलवर ड्रायरला मनाई नसेल तर मंद आचेवर वीसेक मिनिटं फिरवा, लेप बराचसा पुन्हा जागा होतो.

प्रश्न : फेब्रुवारीत हिमबिबट्याचे फोटो काढायला लडाखला, रुंबकला जायचं आहे. मित्राने अमेरिकेतून शिकारीचं जॅकेट पाठवायची तयारी दाखवली आहे. घेऊ का? (पुणे)

उत्तर : आपल्याकडे वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे, पण दबा धरून बसण्याची गरज फोटोवाल्यांनाही आहेच. तरी तुमचं गणित वेगळं. लडाखची थंडी कोरडी, त्यामुळे डाऊन तिथे बिनधास्त घ्या, टोपी जोडलेलं आणि मांड्यांपर्यंत येणारं. हिमबिबट्या बहुतेक वेळा समोरच्या कड्यावर बराच लांब असतो, त्यामुळे कापडाच्या कुरकुरीची फिकीर नको. रंग मातकट किंवा राखाडी घ्या, मित्राला नारिंगी नको म्हणून आधीच कळवा. खिसे मात्र मोजून घ्या : आतल्या बाजूला दोन तरी हवेत, अंगाला लागून. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या तिथे ठेवायच्या आणि अदलून-बदलून वापरायच्या. गारठलेली बॅटरी ‘संपली’ असं दाखवते, उबेत ठेवली की पुन्हा थोडी चालते.