एक अक्षर बदललं म्हणून नाव आपलं होत नाही

धाकटा भाऊ नागपूरच्या इतवारीत फरसाणाचं दुकान काढतोय, पेंटरने एका मोठ्या कंपनीचं नाव एक अक्षर बदलून सुचवलंय, रंग आणि अक्षरांची वळणंही तीच, आणि ‘सगळेच करतात’ असं तो म्हणतो. हे चालेल का, असं तुम्ही विचारलंय. भाऊ, करू देऊ नका.

अक्षर फिरवलं की कायदा लागत नाही, हा समज बाजारात फार खोल बसलाय. कोर्ट दोन पाकिटं शेजारी ठेवून फरक मोजत नाही. अर्धवट आठवणीवर माल मागणारं साधं गिऱ्हाईक फसेल का, हे पाहतं. ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या औषधांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९६२ मध्ये हीच कसोटी लावून नावं फसगत करणारी ठरवली. तरी लक्ष्मणधारावाल्यांना उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली, कारण ते १९२३ पासून उघडपणे विकत होते आणि अमृतधारावाले माहीत असून गप्प राहिले होते. उद्या बोर्ड लावणाऱ्याला ही सवलत कुठून मिळणार? ‘आमचा माल वेगळा’ हेही नामांकित नावापुढे टिकेलच असं नाही. ‘बेंझ’ हे मोटारींचं नाव अंतर्वस्त्रांवर वापरायला दिल्ली हायकोर्टाने मनाई केली होती.

ट्रेड मार्क कायदा, १९९९ च्या कलम १०३ मध्ये खोटा ट्रेड मार्क, म्हणजे दुसऱ्याच्या मालाचं नाव किंवा खूण, लावल्याबद्दल सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. पण बहुतेक वेळा आधी येते ती वकिलाची नोटीस, आणि ती येते धंदा चालायला लागल्यावर. छोट्या टपरीकडे कोणी बघत नाही. माल सीताबर्डी, गोकुळपेठेत दिसू लागला की बघतात. छापलेले पाउच, बोर्ड, बिलबुकं वाया जातात. त्याहून मोठं नुकसान म्हणजे लोकांच्या तोंडी बसलेलं नाव सोडावं लागतं. इतकी मेहनत भावाने स्वतःच्या नावासाठी करावी, असं मला मनापासून वाटतं.

नाव मात्र ‘नागपूर संत्रा बर्फी’सारखं नुसतं वर्णनाचं नको, त्याची नोंदणी सहसा होत नाही. घरातलं, आजीचं, काहीतरी वेगळं घ्या. ट्रेड मार्क रजिस्ट्रीच्या साइटवर फुकट शोध घेता येतो; उच्चारात जवळची नावंही तपासा. नोंदणीसाठी मालाचे वर्ग पाडलेले आहेत, फरसाण वर्ग ३० मध्ये येतं. एका वर्गाची ऑनलाइन फी व्यक्तीला ४,५०० रुपये. अर्ज रजिस्ट्रीच्या जर्नलमध्ये छापल्यावर चार महिने हरकतीचे. नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. नोंदणी हातात येईपर्यंत वर्तुळातला ‘आर’, म्हणजे नाव नोंदलेलं असल्याची खूण, छापू नका, तेही कायद्याने मना आहे.

आणि पहिल्या दिवसापासूनची बिलं, छपाईच्या पावत्या जपून ठेवा. पुढे कोणी भावाचंच नाव उचललं, तर नाव आधी कोण वापरत होतं हे त्यावरूनच दाखवता येईल.