तोच राग, तेच पापनिवेदन

प्रश्न : आमची तासगावला द्राक्षबाग आहे. मजुरांवर आणि घरच्यांवर मी फार ओरडतो. दर महिन्याला फादरांकडे पापनिवेदन करतो, म्हणजे पापांची कबुली देतो, आठ दिवसांत पुन्हा तेच. माझ्यात कृपा काम करत नाही का?

उत्तर : करते. क्षमा मिळते आणि ती पूर्णच मिळते. पण कॅटेकिझमचा, म्हणजे कॅथलिक चर्चच्या शिकवणीच्या ग्रंथाचा, परिच्छेद १४५९ सांगतो, की क्षमेने पाप जातं, पापाने केलेली सगळी मोडतोड मात्र त्याने दुरुस्त होत नाही. प्रायश्चित्त दिलं जातं ते त्यासाठीच. ओरडायची सवय वर्षानुवर्षं लागली आहे, ती सुटायलाही रोजचा सराव लागणार.

राग येणं हे पाप नव्हे. भावना उठते तेव्हा ती चांगली नसते, वाईटही नसते. तुम्ही तिला संमती देता तिथून जबाबदारी सुरू होते. म्हणून ‘रागावणार नाही’ असा निश्चय करू नका, तो टिकत नाही. ‘चारचौघांत कोणाला घालूनपाडून बोलणार नाही’ असा करा. हा मोजता येतो.

मोजायची रीत येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी घालून दिली आहे. सकाळी उठताच तो एकच दोष आठवून कृपा मागा. दिवसभरात चुकलात, की तिथल्या तिथे छातीवर हात ठेवून मनात खेद करा. माणसांत असलात तरी कोणाला कळत नाही. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर मधला एकेक तास आठवून वहीत चुकीगणिक एक ठिपका द्या. दिवसाला दोन ओळी. रात्रीची ओळ दुपारच्या ओळीशी, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी ताडून पाहा.

सुरुवातीला ठिपके वाढलेले दिसू शकतात आणि तिथेच वही बाजूला पडते. खरं तर तेव्हा दोष वाढलेला नसतो, तुमचं लक्ष वाढलेलं असतं. राग, आळस, खोटं बोलणं असं सगळं एकदम हाती घेतलं, तरी हे फसतं. आणि दोष काढून जागा रिकामी ठेवू नका. चुकलेल्या मजुराला बाजूला नेऊन शांतपणे समजावणं, अशी सौम्यतेची एक कृती रोज ठरवून करा. ज्याला चारचौघांत बोललात, त्याची माफीही त्या चौघांसमोरच मागा. हे जड जातं, पण सवयीची पकड यानेच सैल होते.

ऑक्टोबर छाटणीनंतर दिसणारा घड त्याआधी उन्हाळ्यात केलेल्या खरड छाटणीनंतरच्या काडीत आधीच धरलेला असतो, हे तुम्हाला सांगायला नको. संयमाचंही तसंच आहे. राग नसलेल्या दिवसांतही वही चालू ठेवा.

प्रश्न : धर्माचे इतके नियम पाळायचे, मग स्वातंत्र्य उरलं कुठे? (विद्यार्थिनी, सातारा)

उत्तर : विवेकाने आणि इच्छेने एखादी गोष्ट करण्याची किंवा न करण्याची शक्ती, म्हणजे स्वातंत्र्य. रात्री दहाला फोन ठेवायचं ठरवूनही बारापर्यंत तो हातातून सुटत नसेल, तर तिथे तुमचं काही चालत नाही. ‘पाप करणारा पापाचा दास आहे’ (बायबल, योहान ८:३४) ते याच अर्थाने. माणूस जितकं चांगलं करतो तितका तो अधिक मोकळा होतो, असं कॅटेकिझम म्हणतो (१७३३). सवय, भीती, दडपण यांमुळे दोषाची जबाबदारी कमी होऊ शकते, हेही त्यात आहे (१७३५). म्हणून खचू नका.

फक्त घरच्यांच्या धाकाने पाळलेला नियम सद्गुण होत नाही, कारण सद्गुणी माणूस चांगलं सहज आणि आनंदाने करतो. हा नियम कोणतं भलं राखतो, हे फादरांना विचारा. उत्तर पटेपर्यंत विचारत राहा, तोवर नियम मात्र सोडू नका.